यंत्रमाग कारखान्यात डिजिटल साधने : आधी मोजा, मग खर्च करा

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर यांपैकी कोणत्याही यंत्रमाग केंद्रात जाऊन चहाच्या टपरीवर बसा. दोनच तक्रारी ऐकू येतील. पहिली, विजेचे बिल परवडत नाही. दुसरी, कापडाला भाव नाही. भाव आपल्या हातात नाही. तो सुताच्या दरावर, सुरतेच्या आणि परदेशी मालाच्या स्पर्धेवर ठरतो. विजेचा दरही आपल्या हातात नाही. परंतु त्या दराने आपण किती वीज घेतो आणि त्यातून किती मीटर कापड काढतो, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. या लेखाचा विषय तोच आहे.

अलीकडे कारखान्यांत नव्या साधनांचे विक्रेते फार येतात. कोणी सौर पॅनेल विकतो, कोणी मोबाईलवर माग दाखवणारे यंत्र, कोणी भिंतीवर लावायची "वीज बचतीची पेटी". आपले कारखानदार यावर दोन टोकांनी वागतात. एक जण विक्रेत्याला दारातूनच परत पाठवतो. दुसरा शेजाऱ्याने घेतले म्हणून कर्ज काढून सगळेच घेतो. आमच्या मते दोघेही नुकसान करून घेतात.

हे धंद्यात पहिल्यांदाच घडत आहे असे नाही. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर मालेगावात आले ते हातमाग घेऊन. १९३० च्या दशकात वीज आली आणि मागाला मोटार लागली. ज्यांनी हिशेब करून एक-दोन माग बसवले आणि पुढे वाढवले, त्यांचे कारखाने उभे राहिले. हुनर तोच राहिला, अवजार बदलले. आजही प्रश्न अवजाराचाच आहे.

बिल वाचायला शिका

पहिले डिजिटल साधन आपल्याकडे आधीच बसलेले आहे. ते म्हणजे विजेचे मीटर. बहुतेक कारखानदार बिलातील शेवटचा आकडा आणि भरण्याची तारीख एवढेच पाहतात. बिलावर मंजूर भार, वापरलेले युनिट, पॉवर फॅक्टर आणि सवलत हे सर्व छापलेले असते. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. इंग्रजी कागद पाहिला की आम्हीही तो मुनीमाकडे सरकवत असू. पण आकडे वाचायला कोणतीही भाषा लागत नाही, हे उशिरा का होईना समजले.

पॉवर फॅक्टर म्हणजे काय, ते व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो. आपण पूर्ण ट्रक भाड्याने घेतला आणि त्यात ऐंशी टक्केच माल भरला, तर भाडे मात्र पूर्ण ट्रकचे द्यावे लागते. मोटारी विजेच्या बाबतीत असेच करतात. तारांमधून वीज जास्त ओढली जाते, प्रत्यक्ष कामाला कमी येते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून २० किलोवॅटपेक्षा अधिक भाराच्या लघुदाब ग्राहकांना केव्हीएएच या एककात, म्हणजे पूर्ण ट्रकच्या हिशेबाने, आकारणी सुरू झाली. अशा कारखान्यात १,००० युनिटांचे खरे काम झाले आणि पॉवर फॅक्टर ०.८० असला, तर आकारणी १,२५० युनिटांची होते. तोच ०.९८ वर आणला तर सुमारे १,०२० युनिटांची. एकही माग न थांबवता २३० युनिट वाचले.

यासाठी कपॅसिटर लागतात. परंतु माग कधी बारा चालू असतात, कधी चार. सर्व कपॅसिटर कायम जोडलेले राहिले तर माग बंद असताना उलटाच परिणाम होतो. म्हणून चालू भार पाहून कपॅसिटर आपोआप जोडणारे व सोडणारे स्वयंचलित पॅनेल घ्यावे.

आता दुसरी बाजू. ज्यांचा भार २० किलोवॅटपेक्षा कमी आहे, म्हणजे साधारण २७ अश्वशक्तीच्या आत आहे, त्यांची आकारणी साध्या युनिटांवर होते. त्यांना कपॅसिटरने बिलात फारसा फरक पडत नाही. बाजारात विकल्या जाणाऱ्या "वीज बचतीच्या पेट्या" उघडल्या तर आत बहुधा छोटा कपॅसिटरच निघतो. बारा मागांच्या कारखानदाराने अशी पेटी घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. बिलावर कोणते एकक छापले आहे ते आधी पाहा, मग विक्रेत्याशी बोला.

मोटारीचा हिशेब

साध्या मागाला बहुधा एक अश्वशक्तीची मोटार असते. ती जळाली की आपण रिवाइंडिंग करून घेतो. एकदा, दोनदा, पाचदा. प्रत्येक वेळी रिवाइंडिंग नीट झाले नाही तर मोटारीची कार्यक्षमता घटते. मोटार चालते, पण गरम होते. ती उष्णता म्हणजे आपल्या बिलातील पैसाच होय.

मोटारीवर आयई-१, आयई-२, आयई-३ असे दर्जे लिहिलेले असतात. पाऊण किलोवॅटच्या चार पोलच्या मोटारीसाठी आयई-१ ची कार्यक्षमता ७२.१ टक्के आणि आयई-३ ची ८२.५ टक्के ठरलेली आहे. पूर्ण भारावर दोघींच्या वीज वापरात सुमारे १३० वॅटचा फरक पडतो. माग मोटारीवर पूर्ण भार सतत नसतो, म्हणून आपण निम्माच धरू. दिवसाला वीस तास चालणाऱ्या मागावर तो १.३ युनिट होतो. बारा मागांवर महिन्याच्या २६ दिवसांत सुमारे ४०० युनिट. हा आकडा आपल्या बिलातील दराने गुणून पाहा आणि नव्या मोटारीच्या किमतीशी ताडून पाहा. सर्व मोटारी एकदम बदलू नका. जी जळेल तिच्या जागी चांगली घ्या. मात्र मागासाठी बनवलेलीच मोटार घ्यावी, कारण मागाला सुरू होताना जोराचा झटका लागतो. पंपाची मोटार त्या कामाची नाही.

कोणत्या मोटारी जास्त वीज खातात हे ओळखण्यासाठी प्रत्येक मागाला महागडे यंत्र लावण्याची गरज नाही. एक छोटे डिजिटल सबमीटर घ्या आणि वायरमनकडून आज या मागावर, उद्या त्या मागावर लावून घ्या. एका दर्जाचे कापड विणणाऱ्या दोन मागांच्या आकड्यांत मोठा फरक दिसला, तर मोटार, पट्टा, तेल-ग्रीस किंवा मागाची बैठक यांपैकी कोठेतरी दोष आहे असे समजावे. अनेकदा जॉबरच्या अर्ध्या दिवसाच्या कामात तो दूर होतो.

मागावरील गणक

आता उत्पादनाचा हिशेब पाहू. समजा माग मिनिटाला १२० फेरे मारतो आणि कापडात इंचाला ४८ बाणे आहेत. एका मीटरला सुमारे १,८९० बाणे लागतात. बारा तास एकदाही न थांबता माग चालला तर ४५ मीटरपेक्षा थोडे अधिक कापड निघेल. असे कधीच होत नाही. कांडी संपते, ताणा तुटतो, वीज जाते, बीम संपते. माग ६५ टक्के वेळ चालला तर ३० मीटरच्या आसपास कापड मिळते. ७५ टक्के चालला तर ३४ मीटरहून थोडे जास्त. हा साडेचार मीटरचा फरक बारा मागांवर, दोन पाळ्यांत, दिवसाला सुमारे ११० मीटर होतो. जागेचे भाडे, दिवे, मुकादमाचा पगार तेवढाच राहतो.

माग किती वेळ थांबतो आणि का थांबतो, हे कळण्यासाठी गणक लागतो. मागाच्या फिरत्या शाफ्टजवळ एक छोटा सेन्सर बसवतात. प्रत्येक फेऱ्याला तो एक आकडा मोजतो. काही यंत्रे हे आकडे मोबाईलवर पाठवतात, काही फक्त पेटीवर दाखवतात. सुरुवातीला पेटीवर दाखवणारे साधे यंत्रही पुरते.

परंतु गणक "किती" सांगतो, "का" सांगत नाही. "का" हे कारागिरालाच विचारावे लागते. येथे आम्ही आमचाच एक अनुभव सांगतो. त्यात चूक आमची होती.

आम्ही कारखानदारांना सूत देऊन मजुरीवर कापड विणून घेतो. बारा मागांच्या एका कारखान्यात चार मागांवर गणक बसवले गेले. जोडीला एक वही ठेवली, माग थांबला की कारण लिहायचे. दोन आठवड्यांनी पाहिले तर एका वयस्कर कारागिराचा माग सर्वांत जास्त थांबलेला. कारखानदार म्हणाला, यांचे वय झाले, हात चालत नाहीत. आम्हीही मान डोलावली. उत्पादन घटल्याने त्या कारागिराची मजुरी आधीच कमी झाली होती, कारण आपल्याकडे मजुरी मीटरवर असते. आता कामही जाण्याची वेळ आली.

तो कारागीर शांतपणे एवढेच म्हणाला, "शेठ, वही बघा. माझ्या रकान्यात ताणा तुटल्याचेच लिहिलेले आहे. पुढचे बीम या सुताचे दुसऱ्या मागावर चढवा आणि मला दुसऱ्या सुताचे द्या. मग बोला." तसे केले. त्याचा माग सुरळीत चालू लागला आणि तरुण कारागिराचा माग थांबू लागला. दोष हातात नव्हता, सुतात होता. आणि ते सूत आम्ही दिलेले होते, किलोमागे चार पैसे वाचवण्यासाठी घेतलेले. त्या बीमांवर दोघांची जी मजुरी बुडाली ती आम्ही भरून दिली आणि ते सूत घेणे बंद केले. वही नसती तर एका इमानदार माणसाची रोजी आमच्या कंजुषीमुळे गेली असती आणि आम्हाला कधी कळलेही नसते.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की गणक बसवताना कारागिरांना आधी विश्वासात घ्या. हे यंत्र मजुरी कापण्यासाठी नाही, माग थांबण्याचे कारण शोधण्यासाठी आहे, हे स्पष्ट सांगा आणि तसे वागा. जॉबर वेळेवर आला नाही, बीम वेळेवर मिळाले नाही, यात कारागिराचा दोष नसतो. आकडा त्याच्यासमोर ठेवा. ज्या कारागिराला यंत्राची भीती वाटते, तो वहीत खरे कारण लिहीत नाही. मग यंत्रही निरुपयोगी ठरते. उत्पादन वाढले तर त्यातला वाटा त्यालाही मिळाला पाहिजे.

सौरऊर्जा : किती आणि कोणाला?

सौर पॅनेलविषयी फार मोठ्या अपेक्षा ठेवल्या जातात. साधा हिशेब असा. एक किलोवॅटच्या पॅनेलला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट वीज मिळते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. १० किलोवॅट बसवले तर दिवसाला ४० युनिट. बारा माग वीस तास चालले तर दीडशे युनिटांच्या वर वीज लागते. म्हणजे पॅनेलमधून साधारण पाव गरज भागेल. पाव बिल कमी होणे ही लहान गोष्ट नाही, पण "बिल शून्य होईल" असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तीन गोष्टी आधी तपासा. पहिली, छप्पर. आपल्या अनेक कारखान्यांवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, ते पॅनेलचे वजन व वारा सोसतील का हे जाणकाराला दाखवा. दुसरी, रुई. कारखान्याच्या परिसरात धूळ आणि रुई पॅनेलवर बसते, ती नियमित पुसली नाही तर वीज घटते. तिसरी, कागदपत्रे. जागा भाड्याची असेल तर मालकाशी लेखी करार हवा. आणखी एक गैरसमज दूर करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना घरगुती ग्राहकांसाठी आहे. कारखान्याच्या जोडणीला ते अनुदान मिळते असे कोणी सांगितले तर ते खरे नाही.

सौर पॅनेल शेवटी घ्यावे असे आम्ही म्हणतो. गळक्या हंड्यात पाणी भरण्याआधी हंडा सांधावा. मोटारी, पॉवर फॅक्टर, दिवे दुरुस्त केले की लागणारी वीजच कमी होते आणि मग लहान पॅनेलही पुरते. जुन्या चोकची ट्यूब पन्नास वॅटच्या आसपास वीज घेते, तिच्या जागी वीस वॅटची एलईडी चालते. रात्रपाळी असलेल्या कारखान्यात हा सर्वांत स्वस्त बदल आहे.

हिशेब मोबाईलवर

पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही आपल्या बाजारात लाखांचे व्यवहार तोंडी होतात आणि मग वाद होतात. सुताचे किती किलो दिले, किती ताके आले, किती मीटर भरले, किती उधारी राहिली, ही नोंद मोबाईलवर रोजच्या रोज ठेवणे आता अवघड नाही. दोन्ही पक्षांना एकच नोंद दिसली की भांडण मिटते. मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात स्वतंत्र सूरह आहे. बरोबर माप राखण्यास जे साधन मदत करते, ते आपल्यासाठी परके कसे?

या नोंदींचा सरकारी कामातही उपयोग होतो. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाईन सुरू झाली. ती मोफत आहे, दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. परंतु बिल आणि तारीख यांची नोंदच नसेल तर हा नियम आपल्या काय कामाचा?

वीज सवलतीच्या बाबतीतही तेच. शासनाने सवलतीसाठी ऑनलाईन नोंदणीची अट घातली तेव्हा अनेक कारखानदारांची धावपळ झाली. मीटर एकाच्या नावावर, माग दुसऱ्याच्या, जागा तिसऱ्याची. राज्याचे एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरण २०२३ ते २०२८ या काळासाठी आहे. त्यातील सवलती घ्यायच्या असतील तर कागद आजच एका नावावर आणा. यंत्रमागांच्या सुधारणेसाठी केंद्राची पॉवरटेक्स योजना १ एप्रिल २०१७ ला सुरू झाली होती. साध्या मागाला ताणा तुटताच माग थांबवणारी व तत्सम जोडणी बसवण्यास तिच्यात मदत होती. ती तीन वर्षांची होती. कागद तयार नसलेले पुष्कळ जण तिला मुकले.

एक सावधानता. आमच्या ओळखीच्या एका कारखान्याने मोबाईलवर माग दाखवणारी सेवा मासिक भाड्याने घेतली. काही महिन्यांनी ती कंपनी बंद पडली आणि सारा हिशेब तिच्याबरोबर गेला. म्हणून सेवा घेताना विचारा की आमचे आकडे आम्हाला कागदावर किंवा फाईलमध्ये काढता येतील का? नाही म्हणाले तर घेऊ नका. आठवड्यातून एकदा, जुम्म्याच्या सुटीआधी, मुख्य आकडे वहीत उतरवून ठेवा.

पैसा कोठून आणायचा?

आपल्यातील अनेकांना व्याजाचे कर्ज नको असते आणि ते योग्यच आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा. पहिल्या महिन्यात काहीही विकत न घेता बिले काढून मागील बारा महिन्यांचे आकडे एका कागदावर लिहा. दुसऱ्या महिन्यात सबमीटर आणि एलईडी घ्या. त्यातून जी बचत होईल ती वेगळी ठेवा. तिच्यातून मोटारी, मग गणक, मग गरज असल्यास पॅनेल. अशा रीतीने बचतच पुढच्या साधनाचा खर्च उचलते.

चार शेजारी कारखानदारांनी मिळून एकच सबमीटर, एकच जाणकार वायरमन ठेवला तरी चालते. भागीदारी, म्हणजे शिरकत, ही आपली जुनी पद्धत आहे. विक्रेता ठरलेल्या किमतीत हप्ते देत असेल आणि उशीर झाल्यास रक्कम वाढत नसेल, तर असा व्यवहार कसा करावा हे आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये ही शिकवण आपण लहानपणी मदरशात शिकलो. ती मशिदीच्या हौदापाशीच संपत नाही. तापलेल्या मोटारीतून जाणारी वीज, कमकुवत सुतामुळे थांबलेला माग, आणि त्यामुळे बुडालेली कारागिराची मजुरी, हा सारा अपव्ययच आहे. पुष्कळ माग भंगारात गेलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. जे उरले ते टिकवायचे असतील तर हिशेब ठेवणे भाग आहे.

या जुम्म्याला निवांत बसा आणि मागच्या महिन्याचे बिल पूर्ण वाचा. एवढ्याने सुरुवात होते. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो.